डावे वळण आणि कोर्टाची पायरी

चौकात डावीकडे वळताना नियम मोडला म्हणून कोणा वाहनचालकाला पाचशे रुपये दंड झाला, यात अग्रलेख लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. प्रश्न केवळ पाचशे रुपयांचा असता, तर आम्हीही लेखणी उचलली नसती. परंतु हा दंड अन्यायाचा आहे असे ज्या नागरिकाला प्रामाणिकपणे वाटते, त्याने आपले म्हणणे कोणापुढे मांडावे आणि ते मांडण्यासाठी किती किंमत मोजावी, हा प्रश्न लहान नाही. निर्दोष ठरण्यापेक्षा दोष कबूल करणे जेथे स्वस्त पडते, तेथे कायद्याची बूज राहत नाही. राहते ती केवळ वसुली.

नळदुर्गचेच उदाहरण घ्या. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील हे गाव बोरी नदीच्या विळख्यातील किल्ल्यासाठी आणि त्यातील पाणीमहालासाठी प्रसिद्ध आहे. १८५३ ते १८५७ या काळात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी ज्या जिल्ह्याचा कारभार पाहत होता, त्या जिल्ह्याला नावच मुळी नळदुर्गचे होते. ते वैभव गेले. आज नळदुर्ग तालुक्याचेही ठिकाण नाही. तालुका तुळजापूर आणि जिल्हा धाराशिव. येथला एखादा टेम्पोवाला शेतमाल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जातो, रात्री परततो, आणि पुढे कधीतरी त्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो की, अमुक चौकात आपण डावीकडे बेकायदा वळलात, सबब दंड भरावा. समजा, वळण्यास मनाई करणारी पाटी झाडाच्या फांदीआड गेलेली होती, किंवा हातानेच ‘या’ म्हणून खूण करणाऱ्या पोलिसाच्या आज्ञेवरून तो वळला होता. त्याने काय करावे? पुणे तेथून सुमारे तीनशे किलोमीटर. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली भाडी, वकिलाची फी आणि तारखेवर तारीख यांची बेरीज केली, तर पाचशे रुपये भरून मोकळे होणे हाच शहाणपणा ठरतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच रूढ केलेली नाही!

येथे वाहनचालकांनाही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. डावीकडचे वळण सदैव मोकळे असते, ही समजूत शहरोशहरी इतकी रुजली आहे की, लाल दिव्यापुढे थांबलेल्या माणसामागे भोंग्यांचा गिल्ला सुरू होतो. ही समजूत खोटी आहे. तशी परवानगी देणारी पाटी किंवा हिरवा बाण नसेल, तर लाल दिवा हा डावीकडे वळणाऱ्यालाही लालच असतो. वळताना वाहन डाव्या कडेला धरून ठेवावे, आधी इशारा द्यावा, पादचाऱ्याला वाट द्यावी, हे नियमही कोणाच्या लहरीतून निघालेले नाहीत. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या माग सोडून आतल्या बाजूने कापत जातात, आणि त्याच बाजूला चालकाच्या नजरेआड सायकलस्वार किंवा पायी जाणारी म्हातारी असते. म्हणून ज्याने नियम मोडला, त्याने मुकाट्याने दंड भरावा. त्याच्या वकिलीसाठी आमची लेखणी नाही.

परंतु नियम मोडला की नाही, हे ठरवायचे कसे? डोक्यावर शिरस्त्राण नाही, हे एका छायाचित्राने सिद्ध होते. वळणाचे तसे नाही. वळण ही एक क्रिया आहे. तिला आरंभ आहे, मध्य आहे आणि शेवट आहे. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर किंवा मोठा मालट्रक डावीकडे वळताना प्रथम थोडा उजवीकडे फाकलाच पाहिजे, एरवी मागची चाके कडेच्या माणसावर जातील. त्या क्षणी छायाचित्र घेतले, तर सावधपणे वाहन हाकणारा चालकच गुन्हेगार दिसेल! शिवाय छायाचित्रात वाहनाचा क्रमांक ठळक दिसतो, पण चालकाच्या आसनावरून ती पाटी दिसत होती की नाही, हे त्यात कसे दिसणार?

कायदा करणाऱ्यांना ही अडचण अगदीच ठाऊक नव्हती, असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११९ वे कलम चालकाला वाहतुकीच्या खुणा पाळण्यास सांगते, तर ११६ वे कलम त्या खुणा उभारण्याचा अधिकार शासनाकडे सोपवते. जो अधिकार घेतो, त्याच्यावर ती खूण दिसती ठेवण्याची जबाबदारीही येते. २०१९ च्या दुरुस्तीने किरकोळ नियमभंगाचा दंड शंभरावरून पाचशेवर आणि पुन्हा घडल्यास तीनशेवरून दीड हजारावर नेला. महाराष्ट्रात ही वाढ २०२१ च्या डिसेंबरपासून लागू झाली. त्याच दुरुस्तीने रस्त्याची रचना व देखभाल यांत कसूर करणाऱ्यांनाही एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली, आणि अंमलबजावणी करणाऱ्यानेच नियम मोडल्यास त्याला दुप्पट दंड सांगितला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी असेही ठरविले की, कॅमेऱ्याच्या आधारे दिलेल्या चलानात गुन्हा व क्रमांक स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, वेळ, स्थळ आणि मोडलेले कलम असावे, नोटीस पंधरा दिवसांत जावी आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत पुरावा जपून ठेवावा. कागदावर हे सारे उत्तम आहे. पण कॅमेऱ्यासाठी कसोशीने लिहिलेले नियम रस्त्यावर किती पाळले जातात? २०२५ च्या जुलैच्या आरंभी राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप पुकारला. पोलिसांनी आपल्या खासगी भ्रमणध्वनीवर वाहनांची छायाचित्रे काढू नयेत, असा आदेश वरिष्ठांना त्याच सुमारास काढावा लागला. आदेश काढावा लागतो, यातच प्रचलित व्यवहाराची कबुली आहे.

आता दाद मागण्याच्या मार्गाकडे पाहू. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करण्याची सोय आहे. पण ज्या खात्याने आरोप केला, त्याच खात्याने त्याचा फेरविचार करावा, असा हा मामला. पुढे लोकअदालत. ती संस्था थोर आहे, परंतु तिचा पाया तडजोडीचा आहे. रक्कम कमी करून प्रकरण मिटविले, तर चालढकल करणाऱ्या अपराध्याला सवलत मिळते आणि निरपराध्याला न केलेल्या गुन्ह्याची अर्धी शिक्षा! हा न्याय कसला?

राहता राहिले न्यायालय. १९८८ च्या कायद्याच्या २०८ व्या कलमाने, गुन्हा कबूल असेल तर नोंदणीकृत टपालाने तसे कळवून दंड पाठवावा, अशी मुभा दिली. २०१९ च्या जुलैमध्ये दिल्लीत पहिले आभासी न्यायालय सुरू झाले, तेव्हा टपालाची जागा संगणकाने घेतली आणि दंड घरबसल्या भरता येऊ लागला. मात्र ‘मला गुन्हा कबूल नाही’ असे म्हणताच प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. म्हणजे कबुलीसाठी घराचा उंबरठाही ओलांडावा लागत नाही, आणि नाकबुलीसाठी मात्र नळदुर्गहून पुणे गाठावे लागते. विज्ञानाची सारी गती वसुलीच्या बाजूला आणि बैलगाडीची गती न्यायाच्या बाजूला, अशी ही वाटणी आहे.

यावर उपाय अशक्यप्राय नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३० व्या कलमाने खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक साधनांनी चालविण्यास मोकळीक दिली आहे. तिचा पहिला लाभ या लहान प्रकरणांना मिळाला पाहिजे. पुण्याच्या चलानाची सुनावणी नळदुर्गच्या चालकाला तुळजापूरच्या न्यायालयातून, नव्हे आपल्या घरातून, ठरल्या वेळी आणि वकिलावाचून देता आली पाहिजे. वळणाच्या गुन्ह्यात एकाच छायाचित्रावर न थांबता आरंभापासून शेवटापर्यंतचे चित्रण आणि त्या दिवशी पाटी कशी दिसत होती याचा पुरावा चलानासोबत दिला पाहिजे. तो नसेल तर चलान आपोआप रद्द व्हावे. आणि पहिल्या तक्रारीचा निर्णय वाहतूक शाखेबाहेरच्या अधिकाऱ्याने लेखी कारणांसह द्यावा.

असे केले तर खोट्या तक्रारींचा पूर येईल, अशी भीती अधिकारी घालतील. पुरावा स्वच्छ असेल, तर खोटी तक्रार पाच मिनिटांत निकालात निघेल. आणि पुरावा स्वच्छ नसेल, तर ती तक्रार खोटी नव्हतीच!

चलान हा आरोप आहे, निकाल नाही, ही साधी गोष्ट सरकार विसरले आहे आणि नागरिकही विसरत चालला आहे. सुशिक्षित माणूस पाचशे रुपये भरून कटकट मिटवतो, पण त्याच रकमेत टेम्पोवाल्याची दिवसाची कमाई जाते. म्हणून ज्याला परवडते त्याने तरी, आपण निर्दोष आहोत अशी खात्री असेल तेव्हा, कोर्टाची पायरी चढावी. ती पायरी शहाण्यांनी झिजविल्याखेरीज ती सामान्यांच्या पायापर्यंत खाली येणार नाही.