आद्याक्षरांत हरवलेली माणसे

मुंबईच्या गिरगाव भागातील प्रमुख रस्त्याचे अधिकृत नाव जगन्नाथ शंकरशेट मार्ग असे आहे. पत्त्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर तो 'जे. एस. एस. रोड' झाला आहे. ताडदेव रस्त्याला जावजी दादाजी यांचे नाव दिले, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. पण त्या रस्त्यावर नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी जावजी दादाजी कोण, हे सांगू शकणारे किती निघतील? नगरपालिकेने पाटी लावली, समारंभ झाला, हारतुरे झाले आणि माणूस मात्र आद्याक्षरांच्या आड दिसेनासा झाला. मुंबईसारख्या वसाहतकाळात वाढलेल्या महानगराची ही एक विलक्षण शोकांतिका आहे. या शहराला गव्हर्नरांची नावे पाठ आहेत, देणगीदारांची नावे दगडात कोरलेली आहेत. पण ज्यांच्या बुद्धीने, हाताने आणि घामाने हे शहर उभे राहिले, त्यांची ओळख नवी पिढी जवळजवळ विसरली आहे.

मुंबई इंग्रजांनी वसवली, हे वाक्य शाळकरी वयापासून कानावर पडत असते. त्यात सत्याचा अंश आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. बंदर, किल्ला, कायदा आणि व्यापाराची घडी इंग्रजी सत्तेने बसवली. परंतु सत्तेचे आदेश कागदावर निघतात; ते प्रत्यक्षात उतरवणारी माणसे मातीतून यावी लागतात. ती माणसे कोठून आली, याचा शोध घेतला की मुंबईचा वेगळाच इतिहास समोर येतो.

इ. स. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत जहाजे बांधायची होती. त्यासाठी सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला मोजक्या सुतारांसह आणावे लागले. त्यांच्या वंशातील कुशल मिस्त्रींनी पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या गोदीची कीर्ती सातासमुद्रापार नेली. मलबारी सागाची ही जहाजे इंग्लंडमधील ओकच्या जहाजांपेक्षा अधिक टिकत. १८४२ साली ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर चीनशी नानकिंगचा तह झाला, ते मुंबईच्या गोदीत बांधलेले होते. १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे आणि तेथील लोक ते अभिमानाने पाहुण्यांना दाखवतात. याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी वाडिया १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. रामानुजन यांचे नाव प्रत्येक सुशिक्षित घरात ठाऊक असते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याआधी सुमारे पाऊणशे वर्षे हा मान मुंबईच्या एका अभियंत्याला मिळाला होता, हे मुंबईकरालाही ठाऊक नसावे याला काय म्हणावे?

जगन्नाथ शंकरशेट अर्थात नाना यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचे नाव ठाऊक आहे, कार्य मात्र एका वाक्यात आटोपले जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्यामागे १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत नाना आघाडीवर होते, एवढे सांगून विषय संपतो. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक संस्थापक. या इलाख्यातील लोकांची गाऱ्हाणी संघटितपणे मांडणारी ती पहिली राजकीय संस्था. मुलींच्या शिक्षणाला समाजाचा विरोध असतानाच्या काळात त्यांनी स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. या सर्वांपेक्षाही महत्त्वाची, पण क्वचितच उल्लेखली जाणारी त्यांची एक झुंज आहे. सरकारी शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह इंग्रजी माध्यमाचा होता. मंडळाचे सदस्य असलेल्या नानांनी मात्र ज्ञान बहुजनांपर्यंत पोहोचवायचे तर ते मातृभाषेतूनच पोहोचेल, ही भूमिका सोडली नाही. सत्तेच्या मर्जीवर ज्यांचा व्यापारउदीम अवलंबून होता, अशा एका सावकाराने सत्तेच्या तोंडावर ही भूमिका मांडावी, हे धैर्य सामान्य नव्हे. मराठी शाळा एकामागून एक बंद होत असताना नानांच्या नावाचा जयजयकार करणाऱ्यांनी या झुंजीचेही स्मरण ठेवायला नको का? संस्कृतच्या अध्ययनासाठी त्यांच्या नावाने सुरू झालेली शिष्यवृत्ती मिळणे, हे पुढे अनेक पिढ्या गुणवत्तेचे शिखर मानले गेले. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली होती.

संस्कृतचा विषय निघाला की जावजी दादाजींपाशी यावेच लागते. घरच्या गरिबीमुळे अगदी लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागलेला हा मुलगा. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या या मुलाने १८६४ साली स्वतःची टाइपफाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. देवनागरीचे सुबक, ठसठशीत खिळे कापण्यात राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराची त्यांना साथ लाभली. संस्कृतातील जी काव्ये आणि नाटके तोवर पोथ्यांच्या बस्त्यांत बांधलेली होती, ती १८८६ पासून 'काव्यमाला' या मालेतून शुद्ध स्वरूपात, माफक किमतीत बाहेर पडू लागली. काशीपासून केरळपर्यंतचे पंडित कोलभाट गल्लीत छापलेल्या ग्रंथांवर विसंबून राहू लागले. ज्ञानपरंपरेचे रक्षण केवळ मठांत आणि पाठशाळांत होते असे नाही. ते खिळे ओतणाऱ्या भट्टीपाशीही होते, हे जावजींनी आणि आरूंनी सिद्ध केले. आज संस्कृतचा गौरव करणाऱ्या भाषणांत या दोन कारागिरांचा उल्लेख अभावानेच होतो.

मुंबईच्या ज्या वास्तूसमोर परदेशी पाहुणे थबकतात आणि २००४ साली जिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ते आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभे राहिले. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे नाव सर्वत्र सांगितले जाते. त्यांचे भारतीय सहकारी सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन यांची नावे किती जणांनी ऐकली आहेत? भिंतींवरचे मोर, माकडे आणि पानाफुलांची नक्षी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे. त्या हातांना तर नावेही उरलेली नाहीत. या स्थानकातून पुण्याकडे निघालेली गाडी ज्या बोरघाटातून चढते, तो लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. कामाच्या ऐन भरात तेथे ४२ हजारांवर मजूर राबत होते. सुरुंगांनी, दरडींनी आणि पटकीच्या साथींनी त्यांतील असंख्य जण दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात येताच आजारी पडून मरण पावले आणि त्यांची पत्नी ॲलिस यांनी ते अवघड कंत्राट निभावून नेले. ही धीराची स्त्री इंग्रज होती म्हणून तिचे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा करण्याची गरज नाही. तसेच घाटात प्राण सोडलेल्या हजारो मजुरांविषयी मौन पाळण्याचेही कारण नाही.

शहराचा खरा कस संकटात लागतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात संशयास्पद ताप दिसू लागला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे, असे निर्भीडपणे जाहीर केले. व्यापारी शहरात असे निदान उघडपणे सांगणे म्हणजे अनेकांचा रोष ओढवून घेणे होते. पुढल्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. डॉक्टर मात्र वस्त्यावस्त्यांतून फिरत राहिले. त्याच साथीत नारायण मेघाजी लोखंडे यांनी रुग्णसेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी देह ठेवला. अवघ्या महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई फुले यांनीही त्याच सेवाकार्यात प्राण अर्पण केले. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली परळच्या सभेत गिरणी कामगारांना एकत्र आणून त्यांनी साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर केले. आठवड्याला एक दिवस विश्रांती मिळावी, ही त्यातील प्रमुख मागणी. १८९० च्या जूनपासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळू लागली. दर रविवारी सकाळी निवांतपणे वर्तमानपत्र उघडणाऱ्या मध्यमवर्गीय घराने तरी या माणसाचे नाव कृतज्ञतेने घ्यायला हवे.

आता प्रश्न असा की, ही माणसे विस्मरणात का गेली? दोष केवळ परकीय सत्तेवर ढकलून चालणार नाही. इंग्रज गेल्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली आहेत. खरा दोष आपल्या स्मरणाच्या पद्धतीत आहे. आपण पुतळे बसवतो आणि पुण्यतिथीला हार घालतो. पण त्या माणसाचे कार्य पाठ्यपुस्तकात, कथेत, घरातल्या बोलण्यात उतरवत नाही. त्याहून घातक म्हणजे स्मरणाची वाटणी जातीजमातींत झाली आहे. नाना दैवज्ञ समाजाचे, लोखंडे माळी समाजाचे, वाडिया पारशांचे, व्हिएगस गोमंतकीय ख्रिश्चनांचे, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. मग प्रत्येक समाज आपापल्या पूर्वजाची जयंती करतो आणि उरलेल्यांना ती परकी वाटते. ज्या शहरात ही सारी माणसे एकाच रस्त्यावरून चालत होती, एकाच साथीशी झुंजत होती, तेथे त्यांच्या आठवणींसाठी मात्र वेगवेगळे वाडे बांधले जावेत, यासारखे दुर्दैव नाही.

नामांतराचा विषय अलीकडे वारंवार ऐरणीवर येतो. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ साली प्रभादेवी झाले. २०२४ साली राज्य शासनाने मुंबईतील आणखी काही स्थानकांची वसाहतकालीन नावे बदलण्याचा निर्णय घेतला. २०२५ साली सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या टप्प्यात एका स्थानकाला नानांचे नाव देण्यात आले. परक्या सत्ताधीशांच्या जागी आपल्या माणसांची नावे यावीत, ही भावना स्वाभाविक आणि समर्थनीयच आहे. परंतु गिरगावातील 'जे. एस. एस. रोड' हा याच बाबतीतला इशाराही आहे. नाव बदलण्यास शासनाचा एक आदेश पुरतो; नाव रुजवण्यास समाजाची एक पिढी लागते. ती पिढी घडली नाही, तर उद्या नवी नावेही आद्याक्षरे होऊन बसतील.

हे काम शासनाकडून होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांनी 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. या शहराचे साद्यंत वर्णन करणारे ते पहिले मराठी पुस्तक. त्यांना कोणी अनुदान दिले नव्हते की त्यांच्यासाठी कोणी समिती नेमली नव्हती. वाड्यांची, बाजारांची, देवळांची, धंद्यांची आणि माणसांची नोंद आपणच केली पाहिजे, एवढी ओढ पुरेशी ठरली. आज तर चाळी पाडल्या जात आहेत, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत आणि जुन्या छापखान्यांची, पतपेढ्यांची, व्यायामशाळांची दप्तरे रद्दीत चालली आहेत. जी वही आज वाचली नाही, ती उद्या उरणार नाही. आपल्या गल्लीला, शाळेला, रुग्णालयाला ज्याचे नाव आहे त्याचे कार्य शोधून काढणे, घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेणे, मुलांना सुट्टीत एकदा तरी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवणे आणि ज्यांच्या नावाने ते आहे ते भाऊ दाजी वैद्य होते, प्राचीन लेखांचे वाचकही होते, हे सांगणे, एवढे तर प्रत्येक कुटुंबाला आणि कार्यकर्त्याला सहज शक्य आहे. मुंबईत होईल ते पुण्यात, नागपुरात, सोलापुरातही व्हावे. कारण अशी विस्मृतीत गेलेली माणसे प्रत्येक गावात आहेत.

ऋणाची जाणीव हा आपल्या संस्कृतीचा पाया आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या समाजाला नगराचेही ऋण मानावे लागेल. पाटीवरचे नाव पूर्ण उच्चारणे ही त्या ऋणफेडीची पहिली पायरी होय. गिरगावातल्या एखाद्या मुलाने 'जे. एस. एस. म्हणजे काय?' असे विचारले, तर त्या घरात त्याला उत्तर देणारे कोणी तरी असले पाहिजे.