रोग कुणाचा, शिक्षा कुणाला?

अमेरिकेने २०१६ साली बायसनला, म्हणजे तिथल्या रानम्हशीला, राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा मान दिला. पण हीच रानम्हैस हिवाळ्यात चाऱ्यासाठी यलोस्टोन उद्यानातून मोंटानात उतरू लागली, की तिला कोंडून कत्तलखान्यात धाडतात. १९९६-९७ च्या एकाच हिवाळ्यात हजाराहून अधिक जीव गोळीने नाहीतर सुरीने गेले.

कारण सांगतात ब्रुसेलोसिसचं. या रोगाने गाय गाभडते. पण रानम्हशींना हा रोग लागला तो गोऱ्यांनी आणलेल्या गुरांपासूनच! रानातल्या बायसनपासून गुरांना तो झाल्याची एकही नोंद नाही. २०१७ च्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने बोट दाखवलं ते एल्क हरणांकडे, आणि ती तर मोकळी फिरतात. मी कॉमर्सची. ज्याच्या खात्यावर येणंच नाही, त्याच्याकडून वसुली कसली? माझ्या मते हे भांडण रोगाचं नाही, कुरणाचं आहे.

१९९७ पासून तिथले स्वयंसेवक बर्फात उभे राहून ही धरपकड कॅमेऱ्यात टिपतात. लोक लेखी हरकती नोंदवतात. २०२४ च्या नव्या आराखड्यात निरोगी जनावरं आदिवासी जमातींच्या भूमीवर पाठवण्यावर भर आहे. त्याविरुद्ध मोंटाना सरकार कोर्टात गेलं, म्हणजे लढाई संपलेली नाही.

मैत्रिणींनो, आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही हिंसा पापच. माहीत असून गप्प बसणं ही अनुमोदनाच. ज्यांची लेक-सून तिकडे मतदार आहे, त्यांनी रविवारच्या फोनवर जेवणाबरोबर हेही विचारा, ‘तुमच्या खासदाराला पत्र लिहिलंत का?’