हेल्मेट आरशावर, जॅकेट कपाटात : अडचण दंडाची नव्हे, सोयीची

बेळगाव : सकाळच्या पाळीच्या वेळी खानापूर रोडवर उद्यमबागेकडे जाणारी गर्दी पाहावी. हेल्मेट बऱ्याच जणांकडे असते. पण कुणाचे आरशाला अडकवलेले, कुणाचे कोपरात. पोलीस दिसले की डोक्यावर, चौक संपला की पुन्हा खाली. लोकांना जिवाची पर्वा नाही, एवढे म्हणून हा विषय संपत नाही.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार जण दगावले. त्यातले ४४ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडाच ५० हजारांवर आहे. कायद्याने चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १००० रुपये झाला. कर्नाटकाने तो ५०० वर आणला. जॅकेट, हातमोजे, बूट यांबद्दल मात्र सक्ती नाही.

खरी अडचण रोजच्या वापराची आहे. एप्रिल-मेमध्ये हेल्मेटच्या आत घाम निथळतो, पावसाळ्यात काचेवर वाफ धरते. रायडिंग जॅकेट घालून कामावर गेले तर ते ठेवायचे कुठे? पावसात त्यावर रेनकोट चढवला की माणूस आतून उकडून निघतो. मग जॅकेट फक्त रविवारच्या चोर्ला घाटापुरते उरते.

यातल्या काही अडचणींवर उपाय आहेत. कपाळाभोवती टेपने माप घेऊन हेल्मेट निवडले तर ते डुगडुगत नाही की डोके दुखवत नाही. आतले अस्तर निघणारे असेल तर धुता येते. जाळीदार जॅकेटमधून वारा खेळतो. मात्र ते अंगासरशी हवे. सैल असले तर कोपर-खांद्याचे पॅड पडताना सरकतात आणि ऐनवेळी उपयोगाचे राहत नाहीत. जॅकेट परवडत नसेल तर निदान हातमोजे आणि बंद बूट तरी हवेत. पडताना माणूस आधी हात टेकतो. आणि साधी जीन्स डांबरावर घासली की क्षणात फाटते, तिच्या भरवशावर राहू नये.

सरकारची बाजूही तपासावी लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. हेल्मेटवरचा १८ टक्के तसाच राहिला. गाडी स्वस्त झाली, डोके वाचवणारी वस्तू नाही! २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय विकता येत नाही, तरी टोपीसारखी हेल्मेटे रस्त्याकडेला मिळतातच. तपासणी गिऱ्हाइकाच्या डोक्याची होते, तशी विक्रेत्याच्या मालाचीही व्हायला हवी.

उद्यमबाग, होनगा, शिनोळीतल्या कारखान्यांनी पार्किंगजवळ हेल्मेट-जॅकेट ठेवायला कुलपाचे कप्पे केले, तर खर्च फार नाही. दंडाच्या धाकाने हेल्मेट चौकापुरते चढते. घरापासून कारखान्यापर्यंत ते डोक्यावर राहायचे, तर ते घालणे आणि ठेवणे दोन्ही सोपे झाले पाहिजे.