आठ मुलांची टक्केवारी

संकलित चाचणीचे गुण पोर्टलवर चढले की पुढच्या शिक्षण परिषदेत तक्ता लागतो. मंद्रूपसारख्या मोठ्या गावातली भरल्या पटाची शाळा आणि बीटातली वस्तीवरची मूठभर पोरांची शाळा, दोन्ही त्यात एकाखाली एक. वस्तीवरच्या तिसरीत आठ मुलं. गेल्या वर्षीच्या आठांपैकी सहा नीट वाचत होती, यंदाच्या आठांपैकी चार वाचतात. तक्त्याच्या मते शाळा पंचवीस टक्क्यांनी घसरली. शिक्षक तेच, पुस्तकं तीच. पोरं मात्र दुसरी आहेत, हे सांगायला तक्त्यात रकाना नाही.

हा प्रश्न गणिताचा आहे. संख्या जितकी लहान तितकी सरासरी उड्या मारते. अमेरिकेत उत्तम निकालाच्या यादीत लहान शाळा जास्त दिसल्या, म्हणून बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने लहान शाळांवर मोठा पैसा लावला. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ साली त्यातली मेख दाखवली : तळाच्या यादीतही लहान शाळाच जास्त होत्या. आपल्याकडेही तालुक्याच्या यादीची दोन्ही टोकं पाहा, आणि पुढच्या वर्षी तीच नावं कुठं गेली तेही पाहा. दरम्यान एका गुरुजींना शाल-श्रीफळ मिळालेलं असतं आणि दुसऱ्यांना खुलाशाचं पत्र.

दक्षिण सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. भीमा-सीनेच्या या पट्ट्यात कित्येक घरांत बोलणं कानडीत चालतं. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा जिल्ह्यात आहेत, पण कानडी घरातलं प्रत्येक मूल तिथंच जातं असं नाही. पहिलीत मराठी वर्गात बसलेल्या अशा मुलाचं निम्मं वर्ष कान तयार होण्यातच जातं. ते तिसरीत साधा परिच्छेद अडखळत वाचत असेल, तर त्याने शेजारच्यापेक्षा लांबचा पल्ला गाठलेला असतो. वाचणाऱ्याला विजय चिंतणारा शके ९४० चा मराठी शिलालेख याच तालुक्यात, हत्तरसंग कुडलला आहे. पण आपल्या निकालपत्रकात मूल कुठून निघालं हे लिहायची सोय नाही, फक्त पोहोचलं कुठं एवढंच.

आता साधनांकडे येऊ. समग्र शिक्षेच्या निकषांप्रमाणे तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान दहा हजार रुपये, आणि एकतीस ते शंभर पटाला पंचवीस हजार. विजेचं बिल, खडू, नोंदवह्या, इंटरनेट, शौचालयाची निगा, सगळं त्यातच. शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखून. वीज बिल पंधरा पोरांनाही लागतं आणि पन्नासांनाही. तरीही आमच्या मते रुपये हे दुय्यम साधन. पहिलं साधन म्हणजे शिक्षकाचा वर्गातला वेळ. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेला साठ पटापर्यंत दोन शिक्षक दिले. चार-पाच इयत्ता, दोन माणसं. त्यातला एक मतदार यादीच्या कामाला किंवा बैठकीला गेला की उरलेला एकटा सगळ्या इयत्ता सांभाळतो. असे दिवस वर्षात किती भरले, याचा हिशेब शाळेबाहेर कुणी मागत नाही.

पटाचा हिशेब मात्र काटेकोर. ३० सप्टेंबरचा पट, तोही आधार जुळलेला. ऊसतोड त्यानंतर सुरू होते. भंडारकवठ्याच्या कारखान्याभोवती टोळ्या उतरल्या की त्यांची पोरं आसपासच्या शाळांत येऊन बसावीत, अशी आपलीच अपेक्षा. ती बसतातही. पण शिक्षकांची पदं ठरताना ती मोजलेली नसतात.

हे लिहिण्याला निमित्त आहे. ‘चांगलं व्यवस्थापन आणा, शाळा सुधारेल’ हा सूर पुन्हा वाढतो आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात दत्तक शाळा योजना आली. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची चर्चाही त्याच सुमारास तापली. या विचाराचं थोरलं भावंड अमेरिकेतली चार्टर शाळा : पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, आणि ठरल्या मुदतीत निकाल न दिसल्यास करार रद्द. १९९१ साली मिनेसोटा राज्याने त्याचा पहिला कायदा केला. स्टॅनफर्डच्या ‘क्रेडो’ केंद्राने २००९ साली १६ ठिकाणच्या चार्टर शाळा तपासल्या, तेव्हा गणितात १७ टक्के शाळा सरकारी शाळांहून सरस निघाल्या आणि ३७ टक्के कमी पडल्या. पुढे बोस्टनसारख्या शहरांत सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना झाली, तिथं फायदा ठळक दिसला. म्हणजे कारभारी बदलला की गुण वाढतात असा सरसकट नियम नाही, आणि कधीच वाढत नाहीत असंही नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र उचलावीशी वाटते. २०१५ च्या कायद्याने तिथं शाळेच्या निकालाशेजारी दर विद्यार्थ्यामागचा खर्च छापणं बंधनकारक झालं. आपण ती तशीच उचलली तर घात होईल, हेही सांगून ठेवतो. दोन शिक्षकांचा पगार पंधरा पोरांनी भागला की वस्तीशाळा जिल्ह्यात सगळ्यांत महाग दिसणार, आणि ती बंद करण्याला नवा आधार मिळणार.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अभिमान आहेच. पण तेव्हापासून ‘त्यांना जमतं, तुम्हाला का नाही’ हे वाक्य बैठकांत फार स्वस्त झालं. एका शिक्षकाचं कर्तृत्व हे दुसऱ्याच्या रिकाम्या पदावरचं उत्तर नव्हे.

म्हणून केंद्रप्रमुखांना आमची विनंती : इयत्तेत वीसहून कमी मुलं असतील तिथं टक्केवारी लिहूच नका. ‘आठांपैकी चार’ असं लिहा, आणि शेजारी मागल्या तीन वर्षांची बेरीज. मुख्याध्यापकांनी प्रत्येक मुलासाठी एक ओळ ठेवावी : घरची भाषा, जूनमध्ये काय वाचत होतं, डिसेंबरमध्ये काय, मार्चमध्ये काय, मध्येच आलं असेल तर केव्हा. खाली वर्षभरात दोन्ही शिक्षक शाळेत हजर होते ते दिवस, आणि नव्हते तेव्हा कुणाच्या आदेशाने. शाळा व्यवस्थापन समितीत हा कागद वाचून त्यावर सही घ्या, आणि पुढच्या परिषदेत तक्त्याच्या आधी तो टेबलावर ठेवा.