एक थोर कादंबरी आणि एक अडाणी वाचक

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' मला आवडली नाही, हे मराठी विभागाच्या दारात उभे राहून सांगण्याचे धाडस माझ्यात नाही, म्हणून वार्षिकाचा आसरा घेतो.

कादंबरी २०१० साली आली, पाने सहाशेच्या घरात. लेखकास २०१४ सालचे ज्ञानपीठ मिळाले. तेव्हा दोष माझाच असणार! गेल्या वर्षी वेळापूरला आमचे आजोबा वारले. ते कळल्यावर सरांनी स्वतःची प्रत दिली आणि म्हणाले, "वाच, बरे वाटेल." वडिलांच्या मरणापायी गावी ओढला गेलेला खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक. घरात सुतक, आणि याचे मन खानदेशातल्या मोरगावच्या पिढ्यांतून, जातीपातींतून थेट सिंधू संस्कृतीपर्यंत भटकते. मला हवा होता ओक्साबोक्शी रडणारा माणूस. याच लेखकाच्या 'कोसला'त (१९६३) मनी जाते, तेव्हा मला पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसावे लागले होते. इथे मी नुसता चिडलो, आणि दोनशे पानांनंतर थांबलो.

मात्र एक कबुली दिली पाहिजे. आजोबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तासभर सगळे उन्हात ताटकळले. अखेर थोरल्या चुलत्यांनी हात जोडून विहिरीचे पाणी भावाभावांत सारखे वाटून घेण्याचा शब्द दिला, तेव्हा कुठे शिवला. त्या तासात मी काय करीत होतो? परीक्षेला किती दिवस उरले ते मोजत होतो. मागे चाललेली उसाच्या बिलाची कुजबुज ऐकत होतो. रडू आले ते महिन्याने, सोसायटीचा शिपाई आजोबांचे नाव पुकारीत दारात आला तेव्हा.

म्हणजे खंडेरावाचे भटकणे खोटे नाही, हे मला पटले. पण पटले म्हणून गोडी लागली, असे काही झाले नाही. आपल्या वर्गात 'थोर' हा शब्द आधी येतो आणि पुस्तक मागून; उत्तरपत्रिकेत 'समृद्ध अनुभव' असे लिहिणाऱ्या आम्हा मित्रांपैकी कितीजणांनी शंभर पाने ओलांडली, हे आम्हांलाच ठाऊक. कंटाळा आला तर कुठे आला, का आला, एवढे तरी वर्गात बोलू द्यावे.

पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. खुणेला एस.टी.चे तिकीट घातले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा बसणार आहे. सरांनी तोवर प्रत मागू नये.