एक चमचा चवीचा

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. आईच्या पलंगाखालची ट्रंक पुसायला काढली, तेव्हा तिच्या मागे मसाला-शेंगदाण्याची दोन आणि कुठल्याशा परदेशी नावाच्या चिप्सचे एक, अशी तीन रिकामी पाकिटे सापडली. आईचे वय ८१, हृदय थोडे अशक्त, रक्तदाब जुना. तिच्या ताटातले मीठ मी स्वतः मोजत असे. पाकिटे पाहून मला राग आला. नातवाकडून गुपचूप मागवल्याचे तिने लगेच कबूल केले आणि शांतपणे म्हणाली, “भाऊ, तू दिलेल्या जेवणाला काही चवच लागत नाही रे.”

त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी तिचे वजन केले. वर्षभरापूर्वी ५२ किलो असलेली आई ४७ किलोंवर आली होती. रक्तदाबाचे आकडे छान येत होते, म्हणून मी समाधानी होतो. ती अर्धी भाकरी ताटात ठेवून उठते, इकडे माझे लक्षच नव्हते. वृद्ध माणसाचे वजन सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर तो धोक्याचा इशारा समजावा, असे मी इतरांना सांगत आलो आहे. माझ्याच घरी ते जवळजवळ दहा टक्क्यांनी घटले होते. रक्ताच्या तपासण्या करून दुसरे काही कारण नाही याची खात्री करून घेतली. उरले ते एवढेच, की तिला जेवावेसे वाटत नव्हते.

वाचकहो, वार्धक्यात जिभेचे काय होते ते आधी समजून घेऊ. आपण जिला चव म्हणतो, तिच्यात मोठा वाटा वासाचा असतो आणि वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. तोंडाला लाळ कमी सुटते. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि लघवीवर ताबा ठेवण्याच्या काही गोळ्या तोंड आणखी कोरडे करतात. मेटफॉर्मिनने काहींना तोंडात धातूसारखी चव येते. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो. अशा जिभेला साधे वरण पाण्यासारखे लागते. उलट मीठ, साखर आणि सुगंध ठासून भरलेला पाकीटबंद पदार्थ तिला हाक मारतो. म्हणून आजी-आजोबांची ही ओढ हावरेपणा समजू नये. खाण्याची इच्छा अजून जिवंत आहे, हे शुभलक्षणच आहे. प्रश्न एवढाच, की त्या इच्छेला वाट कशी करून द्यायची.

आम्ही एक तोडगा काढला. माझी बहीण सुरतेला असते. नंदुरबारला येताना तिथल्या सवलतीच्या मोठ्या किराणा दालनातून नवनवीन पाकिटे ती पिशवी भरून आणते. अशी दालने आता आपल्याकडेही तालुक्याच्या गावापर्यंत पोचू लागली आहेत. तिथे माल स्वस्त मिळतो तो काही कारणांनी: मोठी घाऊक खरेदी, नव्या पदार्थाची ओळख करून देण्यासाठी कंपनीने दिलेली सूट आणि कधी कधी संपत आलेली मुदत. ‘एकावर एक मोफत’ दिसले की आधी तारीख पाहावी. मुदत आठ दिवसांवर आली असेल, तर दोन पाकिटे संपवण्याची घाई आपल्याच पोटाला पडते. तर, महिन्यातून दोन रविवारी दुपारी चार वाजता आम्ही सारे स्वयंपाकघरात बसतो, पिशवी उघडतो आणि आई परीक्षक होते. माझे काम पाकिटाची मागची बाजू मोठ्याने वाचण्याचे.

पहिल्या रविवारी कोरियन चवीच्या झटपट शेवया निघाल्या. “हाई काय शे?” म्हणत आईने एक चमचा घेतला आणि निकाल दिला, “तिखट नही, नुसतं जळस.” मिरचीच्या बाजारपेठेच्या गावात आयुष्य काढलेल्या बाईचा तो निकाल होता! मला काळजी तिखटाची नव्हती, मसाल्याच्या पुडीची होती. अशा मोठ्या पाकिटात अनेकदा एक हजार मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते. दिवसभराची मर्यादा आहे २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ. हृदय अशक्त असलेल्या माणसाने अख्खे पाकीट रात्री संपवले, तर सकाळी पायांवर सूज आणि छातीत दम दिसू शकतो. आम्ही पाव पुडी वापरली, भरपूर गाजर-मटार घातले, आणि आईच्या वाट्याला दोन चमचे आले.

दुसरा पदार्थ पेरी-पेरी मखाना. समोर मोठ्या अक्षरांत ‘भाजलेले’ लिहिले होते. मागे घटकांच्या यादीत मखान्यानंतर दुसरे नाव तेलाचे होते. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पहिली तीन नावे वाचली की पदार्थाचे खरे रूप कळते. आईला मखाना आवडला. “पण आपली बिबडीच बरी,” असेही ती म्हणाली. ज्वारीच्या बिबडीतही मीठ असते, हे मी त्या वेळी बोललो नाही.

तिसरी आली ‘शुगरफ्री’ मिठाई. इथे मधुमेही वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. साखर नाही याचा अर्थ तूप, मैदा आणि खवा नाही असा होत नाही. शिवाय गोडीसाठी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल वापरलेले असेल, तर जास्त खाल्ल्यास पोट फुगते आणि जुलाब होतात. वृद्धांना जुलाब झाले की शरीरातले पाणी लवकर घटते. माल्टिटॉलने रक्तातील साखरही काही प्रमाणात वाढते. अर्धा तुकडा पुरे.

चौथ्या पदार्थाला मी आईच्या हाती जाऊच दिले नाही. ते होते घासाएवढे जेलीचे रंगीत कप, ओठांनी ओढून गिळायचे. कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाने घट्ट केलेली अशी जेली घशात अडकण्याच्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २००२ मध्ये रोखली. जपानमध्ये नववर्षाला खाल्ला जाणारा ‘मोची’ हा तांदळाचा चिकट गोळाही घशात अडकून दर वर्षी वृद्धांचे बळी घेतो. मऊ म्हणजे सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या, पाणी पिताना ठसका लागणाऱ्या माणसाला गुळगुळीत किंवा चिकट पदार्थ देऊच नयेत. खाताना कोणाचा घास अडकला आणि आवाज फुटेनासा झाला, तर त्यांना पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. घास निघाला नाही, तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाब द्यावा. हे आलटून पालटून करावे आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ ला दूरध्वनी करावा.

शेवटी पेये. गोड पेयांत १०० मिलिलिटरमागे दहा-अकरा ग्रॅम साखर सर्रास असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमच्यांहून अधिक. ‘एनर्जी’ पेयात एक लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते. ज्यांचे ठोके अनियमित आहेत, त्यांनी ते टाळावे. उन्हाळ्यासाठी आणखी एक सूचना. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ शब्द काढण्याचा आदेश भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. जुलाब होत असतील, तर औषधाच्या दुकानातली खरी ओआरएस पुडीच घ्यावी; फळांच्या चवीचे गोड पेय तिची जागा घेऊ शकत नाही.

घरोघरी अशी चवपरीक्षा करायची असेल, तर आमचे नियम असे:

१. मागची बाजू आधी वाचावी: मुदत, पहिले तीन घटक, सोडियम आणि साखर. आकडे ‘१०० ग्रॅममागे’ आहेत की ‘एका वाढपामागे’, हे तपासावे. वाढप २० ग्रॅमचे आणि पाकीट ६० ग्रॅमचे असेल, तर आकड्याची तिप्पट करावी.

२. अक्षरे बारीक असतात. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून मोठे करावे, किंवा नातवंडांना वाचायला सांगावे.

३. एका दिवशी दोनच पदार्थ, प्रत्येकी एक चमचा किंवा दोन तुकडे. उरलेले घरातल्या इतरांनी वाटून घ्यावे. पाकीट उशाशी राहू नये.

४. ताठ बसून, कवळी लावून, सावकाश खावे. पलंगावर आडवे होऊन काही खाऊ नये.

५. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या मिठात आणि काही पदार्थांत पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

६. ज्यांना पाणी व मीठ काटेकोरपणे मोजून घ्यायला सांगितले आहे, ज्यांचे डायलिसिस चालू आहे किंवा ज्यांची साखर सध्या फार वर-खाली होते, त्यांनी ही परीक्षा डॉक्टरांच्या संमतीनेच करावी.

या रविवारांनी मलाही एक धडा दिला. आईला हवी होती ती चव, आणि ती केवळ मिठातून येत नाही. आता तिच्या वरणात धडगावकडचे आमचूर पडते, वरून जिऱ्याची फोडणी आणि ताजी कोथिंबीर. आंबट आणि सुगंधी असले की मीठ कमी असल्याचे जिभेला फारसे जाणवत नाही. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी लसूण वाढवून आणि मीठ घटवून करतो. जेवायला तिच्यासोबत कोणीतरी बसतेच. एकट्याने खाल्लेल्या घासापेक्षा सोबतीचा घास जास्त उतरतो.

चार महिन्यांत वजन ४९ किलोंवर आले आहे, पायांवर सूज नाही, रक्तदाब पूर्वीइतकाच. काळजीवाहकांना माझी विनंती आहे: औषधांच्या वेळापत्रकाशेजारी वजनाचाही एक कागद लावा आणि महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी नोंद करा. आणि ट्रंकेमागे पाकीट सापडले, तर रागावण्याआधी विचारा, “जेवणाला चव लागते का?” मी तो प्रश्न वर्षभर उशिरा विचारला.