कुलूप कोण उघडणार?



गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यात अभ्यासिका सुरू करायचे ठरले. दहावी-बारावीची मुले घरी अभ्यासाला बसणार कुठे? एका खोलीत सहा माणसे, त्यात टीव्ही आणि शिलाई मशीन. मदरशाच्या वरचा हॉल दुपारनंतर रिकामा असतो. एका जुम्म्यानंतर आम्ही ही कल्पना चारचौघांपुढे मांडली आणि सगळ्यांनी एका दमात होकार दिला. आता फक्त कमिटी करायची राहिली, असे आम्हाला वाटले.

संस्थेची नोंदणी करायची तर १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात. चहा संपायच्या आत सात नावे कागदावर आली. अध्यक्ष हाजीसाहेब, कारण मोहल्ल्यातल्या प्रत्येक कमिटीचे ते अध्यक्ष असतातच. उपाध्यक्ष, ज्यांनी चार पंखे देण्याचे कबूल केले ते. खजिनदार त्यांचा पुतण्या. दोन मोठ्या घराण्यांतले एकेक जण, नाहीतर रुसवेफुगवे व्हायचे. एक जण नगरपालिकेत ओळख असलेला. आणि सचिव आम्ही, कारण कल्पना आमची.

यादी वाचून झाली, तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक चाचा बोलले. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. म्हणाले, "सर, यादी छान झाली. पण रोज संध्याकाळी पाचला कुलूप कोण उघडणार?"

कोणी बोलेना. हाजीसाहेब त्या वेळी दुकानात असतात. पुतण्या आठवड्यातले चार दिवस पुण्याला. आमची शाळाच पाचला सुटते आणि त्यानंतर वह्यांचा गठ्ठा असतो. सातांपैकी एकालाही पाचची वेळ जमणारी नव्हती.

चाचांना हे का सुचले, ते जुन्या लोकांना लगेच कळले. याच मोहल्ल्यात पूर्वी एक वाचनालय निघाले होते. किल्ली एकाच सज्जन माणसाकडे होती. त्यांना आखातात नोकरी लागली, ते गेले आणि किल्ली घरातल्या कपाटात राहिली. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी भांडले नाही. तरी वाचनालय बंद पडले आणि पुस्तके वाळवीने खाल्ली. नियत सगळ्यांची चांगली होती. कामाची वाटणी तेवढी झाली नव्हती.

त्या रात्री आम्हाला अजानची हकिकत आठवली. नमाजसाठी लोकांना बोलवायचे कसे, याचा मदीनेत मशवरा चालला होता. अजानचे शब्द स्वप्नात ऐकले ते हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना ते शब्द हजरत बिलाल (रजि.) यांना शिकवायला सांगितले, कारण बिलाल यांचा आवाज अधिक चांगला होता. स्वप्न एकाचे आणि काम दुसऱ्याचे. लहानपणापासून किती वेळा ऐकलेली ही गोष्ट! पण स्वतःच्या नावापुढे 'सचिव' लिहिलेले असताना ती आम्हाला पहिल्यांदा टोचली.

पुढच्या रविवारी यादी उलट्या बाजूने केली. आधी कामे लिहिली, मग माणसे शोधली. कुलूप उघडणे आणि लावणे. हजेरीची वही. पुस्तकांची देवघेव. पैसे. पत्रव्यवहार आणि इतिवृत्त. मुलींच्या वेळेत कोणीतरी मोठ्या बाईने बसणे. झाडलोट. प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न विचारले: हे काम कोणाला येते? कोणावर विश्वास आहे? आणि कोणाला वेळ आहे? पहिले दोन प्रश्न तर कुरआनमधल्या हजरत मूसा (अलै.) यांच्या हकिकतीतच आहेत. त्यांना कामावर ठेवा असे वडिलांना सुचवताना मदयनच्या त्या मुलीने ताकद आणि इमानदारी या दोनच गोष्टी पाहिल्या होत्या. घराणे विचारले नव्हते. तिसरा प्रश्न आमच्या काळाने घातलेला आहे.

अशी यादी केल्यावर नावे आपोआप बदलली. पैशांचे काम कंडक्टर चाचांकडे गेले. ज्या माणसाने सारी उमर रोज रात्री तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ घातला, त्याच्याहून चांगला खजिनदार कुठे मिळणार? किल्ल्या दोन केल्या. एक चाचांकडे, एक समोरच्या पंक्चरवाल्या तरुणाकडे, कारण तो पाचला तिथेच असतो. कमिटीत कधी कोणी त्याला विचारले नव्हते.

सचिवपदासाठी नाव निघाले ते मोहल्ल्यातल्या एका सुनेचे. बी. कॉम. झालेली, पाच वर्षे महिला बचत गटाचे रजिस्टर सांभाळते आणि बँकेत त्या रजिस्टरची कधी चूक निघाली नाही. लगेच कोणीतरी म्हणाले, "मीटिंग इशानंतर असते. बाईमाणूस कशी येणार?"

इथे आम्हाला दुसरे मुअज्जिन आठवले. हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. पहाट झालेली त्यांना दिसत नसे. लोक त्यांना 'सकाळ झाली' असे सांगत, मग ते अजान देत. डोळे नाहीत म्हणून त्यांना काम नाकारले नाही, काम होईल अशी सोय केली. मग आमची तर फक्त मीटिंगची वेळ बदलायची होती! ती रविवारी असरनंतर ठेवली. हाजीसाहेबांनी दुकान तासभर मुलाकडे सोपवायचे कबूल केले आणि प्रश्न मिटला.

शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. कायदा चांगला आहे. पण रजिस्टर घरी पाठवून अम्मीची सही आणली की कायदा पुरा झाला, असे मानणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. सही घेणे म्हणजे जबाबदारी देणे नव्हे. जबाबदारी द्यायची तर बैठकीत जागा, हातात कागद आणि बोलायला वेळ द्यावा लागतो.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. पंखेवाले साहेब रागावले. "पंखे आमचे आणि हिशेब दुसऱ्याकडे?" त्यांची समजूत घालायला हाजीसाहेब स्वतः गेले. अध्यक्षांचे खरे काम हेच, हे तेव्हा कळले. वडीलधाऱ्यांचा रुसवा दुसऱ्या कोणाला काढता आला नसता. तरीही चारपैकी दोनच पंखे आले.

आणि आम्ही? छापलेल्या कागदावर आमचे नाव शेवटच्या ओळीत आले, नुसते 'सभासद' म्हणून. घरी सांगताना जीभ थोडी जड झाली, हे कबूल करतो. कल्पना आमची, धावपळ आमची आणि नाव शेवटी! पण आठवड्याभरात सचिवांनी नोंदणीचे सगळे कागद तारखेनुसार लावून फाइल पुढे ठेवली. आमच्याकडून ती फाइल दोन महिने झाली नसती.

आता अभ्यासिका सुरू होऊन सात महिने झाले. प्रत्येक कामाला दोन माणसे आहेत, एक करणारा आणि एक त्याच्या गैरहजेरीत करणारा. प्रत्येकाचे काम दोन ओळींत लिहून भिंतीवर लावले आहे, म्हणजे 'मला वाटले तो करेल' असे म्हणायला जागा नाही. नेमणूक एका वर्षाचीच आहे. वर्ष संपले की आभार मानून बदलता येते, अपमान होत नाही. खर्चाला दोन सह्या लागतात. चाचांवर आमचा पुरा विश्वास आहे, पण दुसरी सही त्यांनीच मागून घेतली. म्हणाले, "उद्या कोणी बोट दाखवले तर मला साक्षीदार नको का?"

आपल्या मोहल्ल्यातही काही ना काही सुरू होत असेल, शिवणवर्ग, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याचे केंद्र किंवा रमजानमधले धान्यवाटप. यादी करायला बसाल तेव्हा कागदावर आधी पदे लिहू नका, कामे लिहा. पद मिरवता येते, काम मात्र अमानत असते आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.

अल्लाह आपणा सर्वांना ती ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.